तिसरा दगड

माणसांना वाट सांगणं हा माझा धंदा. कोल्हापूरच्या एस. टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून बावीस वर्षं काढली. रोज चारशे-पाचशे माणसं खिडकीत तोंड घालून विचारायची, "सायेब, गारगोटी लागली का?" "मलकापूर गेली व्हय?" "इचलकरंजीला हितनं काय घावंल?" मी एकालाही चुकीचं सांगितलं नाही. खेकसलो असेन, "बोर्ड वाचता येत न्हाय का" म्हणून एखाद्याला चारचौघांत झापलंही असेल, पण चुकीच्या गाडीत कुणाला बसवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू लंगडी आहे.

एकोणऐंशी सालचा माघ महिना. माझी थोरली मुलगी रतन डी. एड. होऊन दीड वर्ष घरात बसली होती, आणि तिला जिल्हा परिषदेची ऑर्डर आली. चंदगड तालुक्यातली एक वाडी, एकशिक्षकी शाळा, पंधरा दिवसांत हजर व्हा. तानाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, लगेच देवापुढं साखर ठेवली. मी ऑर्डर वाचली आणि वाडीचं नाव बघून माझं डोकंच फिरलं.

त्या वाडीला आमची गाडीच जात नव्हती. गाडी तीन मैल अलीकडं एका फणसाच्या झाडाखाली थांबायची आणि तिथनंच वळायची. पुढं नुसतं रान. त्या रूटचे ड्रायव्हर माझ्या टेबलापाशी चहाला यायचे, त्यामुळं तिथला एकेक ओढा मला ऐकून पाठ झाला होता. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की कंडक्टर गाडीच्या पुढं चालत जाऊन रस्ता दाखवतो. आणि अशा रानातनं माझी मुलगी छत्री घेऊन शाळेला जाणार!

"जायाचं न्हाय," मी सांगून टाकलं.

"का?" रतननं विचारलं.

"वाट चुकशील. महाद्वार रोडवर गेलीस तरी भावाला संगं नेतीस, आन् चंदगडच्या रानात एकटी व्हय?"

"भावाला मी नेत न्हाय आण्णा. तुम्ही पाठवता."

हे असं. घरात मला उलट उत्तर देणारी ती एकटीच. माझा आवाज चढला की तानाबाई गप्प व्हायची, पोरगा मागच्या दारानं पळायचा, ही समोर उभी राहायची. स्टँडवरून तापून आलो की दोन हात करायला तीच असायची, आणि भांडण झालं की मला भाकरी गोड लागायची. ती गेली तर घर मुकं होईल, हे मला आतून समजत होतं. पण बापानं असं बोलून दाखवायचं असतं होय? मी रानाचं नाव पुढं केलं आणि तेच धरून बसलो.

आमच्या कसबा बावड्यातल्या गल्लीतच सुभेदार जोतीराम राहायचे. पलटणीतनं पेन्शनीत आल्यावर त्यांना काही स्वस्थ बसवेना. कॉलेजची पोरं, बँकेतले कारकून, दोन-तीन मास्तर अशांना गोळा करून त्यांनी डोंगर हिंडायचं एक मंडळ काढलं होतं. त्या माघात त्यांनी नवीनच टूम काढली. नवख्या लोकांसाठी शर्यत, पण नुसती पळायची नव्हे, शोधायची. जोडीजोडीनं जायचं. हातात एक नकाशा आणि एक होकायंत्र. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला चार दगड तांबडे रंगवून ठेवायचे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा आणि एक अक्षर. नकाशावर त्या चार ठिकाणी गोल काढलेले. दगड शोधायचा, अक्षर टिपून घ्यायचं, पुढच्याला निघायचं. दोन वाजेपर्यंत माघारी यायचं. आणि वाटेत कुणाला काही विचारायचं नाही, हा कडक नियम.

तो नियम ऐकून मला हसूच आलं. आमच्या भागात बांधावरचा माणूस परक्याला आपणहून हाक मारतो, "ओ पावणं, कुनीकडं?" काहीही न विचारता चालणारा माणूस इथं एक तर चोर, नाही तर रुसून निघालेला जावई.

रतन शाळेत एन. सी. सी.त होती, नकाशा वाचायचं थोडं शिकली होती. तिनं सुभेदारांच्या कानावर आमच्या घरातला तमाशा घातला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या उंबऱ्यात हजर.

"बाळासो, पोरगी वाट चुकंल ह्येच भ्या हाय न्हवं तुला?" ते म्हणाले. "मग चुकती का बघू की. तिच्या जोडीला तूच जा."

मी रतनकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती.

"चारीच्या चारी दगड," मी म्हणालो, "आन् दोनच्या आत माघारी. तसं झालं तर मी माझ्या तोंडानं जा म्हणतो. न्हाय झालं, तर ती ऑर्डर चुलीत."

"चालंल," रतन म्हणाली. "पण तुम्ही वाटंत एक अक्षर सांगायचं न्हाय. चुकलीस म्हणून न्हाय, बरोबर हाय म्हणूनबी न्हाय."

"न्हाय सांगत."

"गप्प बसाल?"

"बसतो म्हटलं की!"

मी बेधडक कबूल झालो त्याला कारण होतं. तो डोंगर माझा होता. पायथ्याचं कुशिरे हे माझं आजोळ. सातवीपर्यंत मी मामाकडं राहिलो, आणि शाळेपेक्षा जास्त त्याच्या गुरांमागं हिंडलो. त्या उतारावरच्या घळी एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा सारख्या दिसतात. शहरातला माणूस तिथं अर्ध्या तासात गरगरतो. टेबलावर नकाशा बघितलेल्या पोरीचा काय पाड?

शर्यतीचा दिवस सुभेदारांनी मुद्दाम खेट्याचा रविवार धरला. माघातल्या रविवारी कोल्हापूरची माणसं अनवाणी चालत जोतिबाला जातात, त्याला खेटे घालणं म्हणतात. पहाटे तीनपासून वडणगे, निगवे, कुशिरे अशी माणसांची रांग लागते. डोंगरावर वर्दळ असली म्हणजे कुणी हरवलं तरी काळजी नाही, असा सुभेदारांचा हिशोब. शनिवारी दिवस मावळता मावळता त्यांनी स्वतः जाऊन चारी दगड रंगवून ठेवले.

रविवारी नऊ वाजता कुशिऱ्याच्या माळावर अकरा जोड्या उभ्या राहिल्या. रतननं पाचवारी घट्ट खोचली होती, पायात एन. सी. सी.चे जुने कॅनव्हासचे बूट. मी आपला कापशी चप्पल घालून, खांद्याला पिशवी लावून निवांत. सुभेदारांनी नकाशा दिला तो मी एकदा बघितला. सगळ्या वाकड्यातिकड्या रेषा, अंगठा उठवल्यासारख्या. मामाचं घर नाही, आंबा नाही, विहीर नाही. असल्या कागदावरनं माणसानं काय ओळखायचं?

रतननं एका सपाट दगडावर नकाशा पसरला, त्यावर होकायंत्र ठेवलं आणि कपाळाला आठी घातली.

"आण्णा, पिशवी लांब ठेवा बघू."

"का?"

"अडकित्ता हाय तुमचा त्यात. काटा हलतोय."

मी पिशवी घेऊन चार पावलं मागं सरकलो. काटा खरंच जागेवर आला. तिनं नकाशा फिरवला, समोरचं एक गोल टेकाड बोटानं दाखवलं आणि चालायला लागली. चालताना ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होती.

पहिला दगड तिनं वीस मिनिटांत काढला. घाणेरीच्या जाळीआड होता, एक आणि क. दुसऱ्याला जरा वेळ गेला. ती आधी एका चुकीच्या घळीत उतरली, तळाशी जाऊन थांबली, नकाशा उलटसुलट केला, आणि मी मनात "आली का घोटाळ्यात" म्हणतोय तोवर परत वर चढून शेजारच्या घळीत गेली. दगड तिथंच होता. आपली चूक आपणच ओळखून ती माघारी फिरली होती, कुणी न सांगता. मी स्टँडवर पन्नाशीची माणसं बघितली आहेत, चुकीच्या गाडीत बसली की कळल्यावरही उतरत नाहीत.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी फार बरं वाटलं. ही माझी पोरगी, असं वाटलं. छाती भरून आली. आणि त्याच दमात रागही आला, कारण ही अशीच चालली तर दोन वाजायच्या आत चंदगडला पोचणार होती. तेव्हा पावणेदहा वाजले होते.

तिसऱ्या दगडाची दिशा तिनं होकायंत्रावर धरली आणि सातशे पावलं मोजत निघाली. वाट चढत चढत खेट्याच्या पायवाटेला जाऊन भिडली. अनवाणी माणसांची रांग वर चालली होती. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" कुणी ओरडलं की सगळा डोंगर ओरडायचा. पायवाटेपासून दहा-बारा पावलांवर एक करंजाचं झाड आहे. त्याच्या खाली रतन थांबली. तिची पावलं तिथं संपली होती.

झाडाखाली एक देव होता. मांडीएवढा उंच दगड, अंगभर गुलाल, माथ्यावर खोबऱ्याचे तुकडे, झेंडूची माळ, दवण्याच्या काड्या, बुडाशी उदबत्त्या जळून गेलेल्या. एक म्हातारी नारळ फोडून त्याच्यापुढं ठेवत होती. तिनं पाणी शिंपडलं, कपाळ टेकवलं आणि रांगेत मिसळून गेली.

रतननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "हितंच कुठंतरी पायजे," ती पुटपुटली.

मी मात्र एका नजरेत ओळखलं. त्या करंजाखाली बसून मी सात वर्षं भाकरी खाल्ली होती. तिथं देव नव्हता. कधीच नव्हता. तिथं एक दगड होता, ज्यावर मी कोयती पाजळायचो. आणि नीट बघितलं तर बुडापाशी गवतावर ऑइलपेंटचे तांबडे थेंब पडलेले होते. काल संध्याकाळी सुभेदारांनी दगड तांबडा केला होता, आणि पहाटेपासून शेकडो भाविक तिथनं गेले होते. जोतिबाच्या वाटेवर तांबडा दगड दिसल्यावर आमच्याकडचा माणूस काय करणार? कुणीतरी पहिली चिमूट गुलाल टाकली असेल. पुढच्यानं खोबरं ठेवलं. उजाडेपर्यंत देव झाला. आकडा आणि अक्षर गुलालाच्या आत.

रतन माझ्याकडं वळली. "आण्णा, ह्यो कुठला देव?"

आता बघा. मी गप्प बसायचं कबूल केलं होतं. मी आभाळाकडं बघितलं असतं, सुपारी कातरत बसलो असतो, "मला काय विचारू नगंस, ठरलंय आपलं" म्हणालो असतो, तर ते कराराला धरून झालं असतं आणि आज मला काही वाटलं नसतं. मी बोललो नाहीच. पण मी चप्पल काढली, पुढं झालो, त्या रंगवलेल्या दगडाला दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्यांदा "चांगभलं!" म्हणालो.

डोळे उघडले तेव्हा रतननंही हात जोडले होते. आण्णा इथले, आण्णांना इथले देव ठाऊक. तिनं वाकून नमस्कार केला, दगड उजव्या हाताला ठेवून वळसा घातला आणि दगड शोधायला पुढं निघून गेली.

पुढचे दोन तास मला विसरता येत नाहीत. तिनं झाडाच्या चारी बाजूंना शंभर-शंभर पावलं जाऊन बघितलं. करवंदीच्या जाळ्या हातानं बाजूला केल्या, हात ओरखडले. एका ओढ्यात उतरली, पलीकडच्या टेकाडावर चढली, परत आली. मी मागनं चालत होतो. पहिला अर्धा तास मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू. मग बँकेतल्या दोन कारकुनांची जोडी आली. तेही नकाशा धरून थेट करंजाखाली आले, बूट काढले, नमस्कार केला, चिमूटभर गुलाल कपाळाला लावला आणि "दगड काय दिसत न्हाय राव" म्हणत चौथ्याच्या दिशेनं निघून गेले. त्यांना मी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना कुणी फसवलं नव्हतं.

रतन मात्र चौथ्याकडं जाईना. चारीच्या चारी म्हणजे चारीच्या चारी, माझाच शब्द. साडेअकराला ती म्हणाली, "दुसऱ्या दगडापासनं परत मोजते." आणि खरंच ती सगळी उतरण उतरून दुसऱ्या दगडाशी गेली. मी तिच्या मागं. माझे गुडघे बोलायला लागले होते. तिनं काटा लावला, दिशा धरली आणि एक, दोन, तीन असं परत चढायला लागली. ऊन डोक्यावर आलं होतं. तिची मान घामानं भिजली होती आणि त्यावर कुणीतरी उधळलेला गुलाल चिकटला होता. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस म्हणेल. जितका वेळ जात होता तितकं सांगणं अवघड होत होतं, आणि मी ते पुढं पुढं ढकलत होतो.

सातशेवं पाऊल परत करंजाखालीच पडलं. रतन मटकन खाली बसली. त्या देवाकडं बघायला लागली.

"दोनदा मोजलं," ती म्हणाली. "दोन्ही बारीला हितंच येतंय."

मी चपलेतला खडा काढत बसलो.

"आण्णा, तुम्ही गुरं राखायला हितं यायचा न्हवं?"

"व्हय."

"तवा ह्यो देव हुता?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण समोर ती बसली होती, आणि वर डोंगरावर चांगभलंचा गजर चालला होता.

"न्हवता," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी ओरडलो असतो, मला ते जमतं. ती नुसती बघत होती, एखादा हिशोब चुकल्यावर माणूस वहीकडं बघतो तसं.

"मग हात का जोडले?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते बापाच्या तोंडून निघण्यासारखं नव्हतं. मी खाली मान घातली.

ती उठली. देव असो नसो, लोकांनी देव मानलाय, म्हणून तिनं आधी एक नमस्कार केला. मग करंजाची एक डहाळी मोडून खाली अंथरली, तिच्यावर सगळं खोबरं नीट काढून ठेवलं, माळ उतरवून त्यावर ठेवली आणि पदरानं दगडाचा दर्शनी भाग पुसला. पांढरा तीन दिसला. त्याच्या शेजारी म. तिनं चिठ्ठीवर म लिहिला, दगडावर माळ परत घातली, खोबरं परत माथ्यावर ठेवलं. सगळं जसं होतं तसं. माझ्याकडं न बघता होकायंत्र उचललं आणि चौथ्याच्या वाटेला लागली. सव्वाबारा होऊन गेले होते.

चौथा दगड लांब होता, डोंगराच्या पार उत्तरेच्या अंगाला. ती जवळजवळ पळत होती. मी मागं धापा टाकत होतो, आणि जोतिबाला खरंखुरं विनवत होतो की हिला दोनच्या आत पोचव. ज्यानं तिचे दोन तास घालवले तोच असलं मागणं मागत होता! देव तरी कुणाचं ऐकेल?

माळावर पोचलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाकीच्या दहाही जोड्या आधीच येऊन बसल्या होत्या आणि सुभेदारांशी कडाकडा भांडत होत्या. तिसरा दगड नाहीच, असं सगळ्यांचं म्हणणं. सुभेदार तांबडेलाल. "अरे, माझ्या हातानं रंगवलाय!" रतननं पुढं होऊन चिठ्ठी दिली. चार अक्षरं बघून ते उडालेच.

"घावला? कुठं हुता?"

"तुम्ही ठेवला तिथंच," रतन म्हणाली. "खेटेकऱ्यांनी त्याचा देव केलाय."

मग जो हशा पिकला! बँकेतल्या कारकुनांनी एकमेकांच्या कपाळावरचा गुलाल बघितला. सुभेदारांनी कपाळावर हात मारला. "जोतिबाच्या वाटंवर तांबडा दगड ठेवतंय कोण? आमचंच डोकं फिरलं हुतं." मग त्यांनी निकाल दिला. चूक मंडळाची, तेव्हा तिसरा दगड कुणाच्याच हिशोबात धरायचा नाही. बाकीच्या तीन दगडांवर आणि वेळेवर नंबर लावायचे. म्हणजे ज्या एका दगडासाठी रतननं दोन तास घालवले तो दगडच बाद झाला. ती अकरापैकी अकरावी आली, तीही वेळेबाहेर.

"तुझा एवढा येळ कुठं गेला गं?" सुभेदारांनी वही चाळत विचारलं. "पैले दोन तर तू झटक्यात काढलेत."

"तिसऱ्यापाशी चुकलो आम्ही," रतन म्हणाली.

आम्ही म्हणाली. तिथं मात्र मला राहवलं नाही.

"ती चुकली न्हाय, सुभेदार," मी म्हणालो. आवाज माझा नेहमीचाच, स्टँडवरचा, त्यामुळं सगळा माळ वळून बघायला लागला. "पैल्या झटक्याला ती दगडापाशी उभी हुती. मला ठावं हुतं, तिथं देव न्हाय. तिनं विचारलं, ह्यो कुठला देव. आन् मी हात जोडले. तिला फसवायला जोडले. तिनं हरावं म्हणून."

हसणारे थांबले. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या जोडीला हाक मारली. चारचौघांत मी पुष्कळांची अब्रू काढली होती. माझी जायची ती पहिलीच वेळ, आणि मी त्याच लायकीचा होतो.

परतीच्या गाड्या भरून वाहत होत्या. आम्ही चालतच निघालो. निगव्याच्या अलीकडं ऊसतोड चालू होती, रस्त्यावर पाचटाचा पसारा. रतन पुढं, मी दोन पावलं मागं. मी मागनंच म्हणालो, "रतन, जा तू चंदगडला."

ती तशीच चालत राहिली.

"ऐकलंस का? जा म्हणतोय मी."

"मी जाणारच हाय, आण्णा," ती म्हणाली. "हजर होते म्हणून मी ऑर्डर आली त्याच दिवशी लिहून पाठवलंय. आईला ठावं हाय."

मी रस्त्यातच थांबलो. "मग ह्यो सगळा खटाटोप कशाला केलास?"

तीही थांबली. पदराचं गुलालानं माखलेलं टोक तिनं कमरेला खोचलं.

"तुम्ही जा म्हणावं म्हणून. दिवसभर माझ्या मागनं चालाल, बघाल, आन् तुम्हालाच वाटंल, जाऊ दे पोरीला. तसं वाटून म्हणाल, असं मनात हुतं."

"म्हणतोय की आता."

"आता म्हणताय," ती म्हणाली. "आता वाईट वाटतंय म्हणून म्हणताय."

ते खरं होतं. तिला हवा होता तो 'जा' माझ्याकडं होता, सकाळी पावणेदहाला होता. दुसऱ्या दगडापाशी माझी छाती भरून आली तेव्हा तो ओठांवरच होता. तिथंच म्हणालो असतो तर तिनं तो जन्मभर जवळ ठेवला असता. मी त्याच्या जागी हात जोडले, आणि आता जो देत होतो तो नुसता चुकीची भरपाई होता.

तरी तिनं मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि आम्ही निगव्याच्या रस्त्याला लागलो.